मदत हवी आहे: पाहुण्यांच्या मेसेजमधलं एलएमके, टीआयए, एनव्हीएम कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी. गोव्यात मांद्र्याला घरामागच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंगचं बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर आणि ते खातं माझ्याकडे. हल्लीची पोरं वाक्य म्हणून पुरं करत नाहीत. परवाचा मेसेज असा: ईटीए ४ वाजता, रूम लवकर मिळत असेल तर एलएमके, टीआयए. सासूबाईंनी तो वाचून रजिस्टरात पाहुणीचं नाव 'टिया' असं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. आला तो हा भला दाढीवाला मुलगा!

गूगलवर शोधावं तर एकेका अक्षरगटाचे ढीगभर अर्थ. टीआयए तर डॉक्टरांच्या भाषेत मेंदूचा छोटा झटका निघाला. नेमका अर्थ तुम्ही कसा ठरवता? काल एकीने रात्री जेवण मिळेल का विचारलं आणि पाठोपाठ नुसतं 'एनव्हीएम' टाकलं. आता शीतकडी (भात-कालवण) करायची की नाही? शिवाय उत्तर देताना मीही असंच लिहावं का?

घरात एक वादही चालू आहे. मुलगा म्हणतो, हे सगळं मोबाईलमुळे आलं. सासरे तार खात्यातून निवृत्त. ते म्हणतात, यात नवीन काय? कोण बरोबर?

वाटसरू: ताई, जेवण करू नका. एनव्हीएम म्हणजे 'राहू दे'. एलएमके म्हणजे 'कळवा', टीआयए म्हणजे 'आगाऊ आभार'. ईटीए हा पोचण्याचा अंदाज, जहाज-विमानवाल्यांकडून आलेला. पण चर्चेच्या धाग्यावर पोस्टच्या शेवटी ईटीए दिसलं, तर ती पुरवणी समजायची. म्हणून आधी कोण, कुठे लिहितंय ते बघायचं आणि अर्थ वाक्यात बसवून पाहायचा. खोलीचं विचारणारा मेंदूच्या झटक्याबद्दल कशाला लिहील? तरी पैसे, तारीख, जेवण यांत शंका राहिली तर सरळ विचारा.

वादात सासरे जिंकले. अमेरिकेत वॉल्टर फिलिप्सने १८७९ मध्ये तारेने बातम्या धाडण्यासाठी लघुरूपांचा कोशच काढला होता. ओएमजी ('अरे देवा!') तर १९१७ सालच्या पत्रात आहे, ॲडमिरल फिशरने चर्चिलला लिहिलेल्या. एलओएल ('खूप हसू आलं') १९८९ मध्ये संगणकवाल्यांच्या फिडोन्यूज या वार्तापत्रातल्या यादीत छापलं गेलं. पहिला एसएमएस गेला डिसेंबर १९९२ मध्ये. मोबाईलने फक्त सवय वाढवली: एका एसएमएसात रोमन अक्षरं १६०, देवनागरी जेमतेम ७०. आपल्यापैकी कित्येकांची मराठी तिथेच रोमनमध्ये गेली, ती परत यायला बराच वेळ लागला.

खाजगीवाले: सा.न.वि.वि., ता.क., चु.भू.दे.घे. लिहिणाऱ्यांनी पोरांना नावं ठेवू नयेत. आणि इथे प्रत्येक लेखाखाली पुलेशु ('पुढील लेखनास शुभेच्छा') टाकणारे आपणच ना? नवा सदस्य येतो तेव्हा त्यालाही ते कोडंच असतं. माझ्या मते उत्तर मात्र पूर्ण वाक्यात द्या. यजमानाने 'एनपी' ('नो प्रॉब्लेम') लिहिलं की घाईत कटवल्यासारखं वाटतं.

शेणवी_काका: तुमच्या सासऱ्यांना शुभेच्छांच्या तारांबद्दल विचारा. ठरलेल्या मजकुराला क्रमांक असायचे, पाठवायचा तो क्रमांकच; पलीकडे पूर्ण वाक्य लिहून मिळायचं! जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, नाहीतर आमच्या नातवांना फार आवडली असती. आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या 'डीबीके' चालतं: देव बरें करूं, म्हणजे कोकणीतलं धन्यवाद.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, मुलगा गप्प आहे. मी वाक्यातच उत्तरं देईन. आता एकच सांगा: खोलीचे पैसे किती ते कळवल्यावर नुसतं 'के' असं एक अक्षर आलंय. राग आला असेल का?

वाटसरू: 'के' म्हणजे 'ओके'. मित्राने इतकंच लिहिलं असतं तर राग आलाय म्हटलं असतं. गिऱ्हाईक असेल तर ॲडव्हान्स मागा, लगेच कळेल.