प्रति: रंगावरून स्प्रिंगटेलची जात
स्प्रिंगटेल म्हणजे मातीत, ओलाव्यात राहणारे बारीक बिनपंखी जीव, बरेचसे उड्या मारणारे. त्यांची जात रंगावरून सांगता येते, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं मला पटत नाही. स्पिरिटमध्ये टाकलं की रंग उतरतो. आधी अंगाचा घाट बघा, वाटाण्यासारखा गोल की लांबट. लांबट असेल तर डोक्यामागचा छातीचा पहिला खंड वरून नीट दिसतो का? दिसला तर पोड्युरोमॉर्फा हा गण, नाही तर एंटोमोब्रायोमॉर्फा हा गण.

परवा खानापूरजवळ भाताच्या वाफ्यात पाण्यावर राखाडी भुकटी पसरल्यासारखी दिसली. काडी लावली तर टणाटण उडाली! एकाला भिंगाखाली उताणं केलं, पोटाखाली दुमडलेली दुबेळकी (उडी मारायचा दोन टोकांचा अवयव) स्पष्ट दिसली. पण दुबेळकी नाही म्हणून स्प्रिंगटेल नाही, असं समजू नका. मातीत खोल राहणाऱ्या कित्येक जातींना ती नसतेच. पोटाच्या पहिल्या खंडाखालची नळी मात्र सगळ्यांना असते.