सुट्ट्यांमधलं खाणं आणि वजन: तुमचा अनुभव सांगा

सुट्ट्या तोंडावर आल्यात म्हणून हा विषय काढते. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर मोजून पाहिली होती, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली जेमतेम ०.३७ किलो. मात्र पुढे वर्षभरात ती उतरली नाही, आणि हेच मला जास्त लागलं.

माझ्यापासून सुरुवात करते. गेल्या वर्षी आठवडाभर मी स्वतःवर नुसतं लक्ष ठेवलं. भरलेल्या ताटापेक्षा ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लेलंच जास्त निघालं! चव बघायला चमचाभर, मुलीच्या ताटलीत उरलेला तुकडा, डबा भरताना पातेल्याच्या कडेला लागलेलं बोटाने निपटून. रात्री पानावर बसेपर्यंत भूक उरलेली नसायची, तरी जेवायचेच. आता जे खायचं ते ताटलीत घेऊन, बसून. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडला.

तुम्ही काय करता? जमलं नसेल तर तेही लिहा.

*

माझी अडचण आग्रहाची. नुसतं "नको" म्हटलं की वाढणाऱ्याचं मन मोडतं. म्हणून पहिल्यांदा सगळंच थोडं घेतो आणि जे खरंच आवडलं ते नंतर स्वतःहून मागतो. मागून घेतलं की करणाऱ्याला समाधान वाटतं. मधे भरपूर गप्पा मारतो, कारण पोट भरल्याचं कळायला वीसेक मिनिटं जातात.

*

मी आठवड्यातून दोनदा वजन करते. ब्रिटनमधे २७२ जणांवर अशी एक चाचणी झाली होती (२०१८). सुट्ट्यांत नियमित वजन करणाऱ्या आणि खाण्याबद्दल सूचना मिळालेल्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी अर्धा किलो कमी राहिलं. एका रात्रीत किलोभर वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, खारट-गोड जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं.

*

वरच्या ताईंना उपयोग झाला हे छानच, पण काटा सगळ्यांना मानवत नाही. आकडा वाढलेला दिसला की मी दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचे. संध्याकाळी हात थरथरायला लागायचे आणि मग दिसेल ते तोंडात. असं कितीतरी वर्षं चाललं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं, रात्री मोठं जेवण असलं तरी सकाळचं चुकवायचं नाही. शिवाय पहिले तीन घास कुणाशी न बोलता खायचे.

मला ते नाटकी वाटलं होतं. पण मागच्या सुट्टीत माझ्या सगळ्यात आवडत्या गोडाचा पहिला घास जिभेवर विरघळू दिला. काय चव होती! पाचव्या घासाला तीच चव निम्मी लागली. थांबले. उरलेलं झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लं, तर पुन्हा पहिल्यासारखं लागलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी अर्धं ठेवलं होतं आणि वाईट वाटलं नव्हतं.

*

झोपेचंही बघा. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी मला दिवसभर खा-खा सुटते.

*

आग्रहाबद्दल लिहिणाऱ्या दादांना एक विचारायचंय. तरीही वाढायला आलेच तर?

*

पानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "डब्यात द्या, उद्या खाईन." आणि दुसऱ्या दिवशी तो डबा आठवणीने उघडतो. कुणीतरी राबून केलेलं असतं ते.