पाणी गंजतं का?

निफाडकर: फेरस सल्फेटच्या, म्हणजे हिराकसाच्या, पाकिटावरचा मजकूर मराठीत करतोय, द्राक्षावर फवारायचं ते. एक ओळ अडलीये, द्रावण ऑक्सिडाइज झालं तर वापरू नका. आमच्या बागेत हिराकसाचं पाणी सकाळी कालवलं की फिकट हिरवं असतं, जेवून येईस्तोवर तांबूस गढूळ, बोअरचं पाणी क्षाराचं असलं तर अजून लवकर. वडील बघून म्हणतात, "पाणी गंजलं, ओतून दे." मी तसंच लिहिलं तर तपासणाऱ्याने खोडलं, म्हणे गंजतं ते लोखंड. मग काय लिहू?

जुना मास्तर: ऑक्सिडीकरण लिहा. शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे, उलट क्रियेला क्षपण. फेरस रूपातल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन गेला की ते फेरिक, म्हणून हिरव्याचं पिवळं-तांबडं. गंजणं हा त्यातला फक्त एक प्रकार, शब्द असे ढिले सोडू नयेत.

गोदाकाठ: सर, नाही पटत. टाकीच्या तळाला बसतो तो तांबडा गाळ फेरिक हायड्रॉक्साइडचा, आणि खिळ्यावरचा गंज म्हणजे पाणी धरलेलं लोखंडाचं ऑक्साइड, दोन्ही एकाच घरातले. काकांनी नुसत्या नजरेने बरोबर ओळखलंय! आणि क्षपण म्हणजे संस्कृतात नाश. जिथे इलेक्ट्रॉन मिळतो त्याला नाश म्हणायचं, मुलं गोंधळणारच ना.

वऱ्हाडकर: आमच्याकडे गंज म्हणजे मोठं पातेलं, गंजभर भात म्हणतो आम्ही.

तांबटलेन: कल्हई उडालेल्या पितळीत ताक राहिलं की आजी म्हणायची "ताक कळकलं". भांडं कळकलं नाही, ताक! मग पाण्याने का गंजू नये?

जुना मास्तर: ताई, कळकणं चवीचं आहे, तिथे तांबं उतरतं. इथे रंग बदलतो तो हवेमुळे.

येवलेकर: पण ती हिराकस ना? हिराकशीचं पाणी म्हणा. हिरवी म्हणून हिराकस.

गोदाकाठ: हिरव्याशी संबंध नाही हो, संस्कृत कासीस, हिंदीत हीराकसीस, तिथून आलाय.

येवलेकर: असेल, पण आमचे आजोबा हिरड्याच्या काढ्यात ती घालून शाई करायचे. लिहिताना अक्षर फिकं, वाळता वाळता काळंभोर, तेही हवेनेच. त्या अक्षराला कुणी गंजलं म्हणेल का?

निफाडकर: नाही म्हणणार, खरंय. पण आमच्या टाकीतलं तर गंजलेलंच दिसतं. लिंबू सत्त्व टाकलं की पाणी जास्त वेळ हिरवं टिकतं, तेही लिहायचंय, त्याला काय म्हणू? "गंजू नये म्हणून"?

तांबटलेन: बिनधास्त लिहा.

जुना मास्तर: निदान कंसात ऑक्सिडीकरण टाका.

येवलेकर: आणि तो हिराकस की ती हिराकस, ते राहिलंच.