शाळेच्या जुन्या रंगाचे पोपडे आणि शिसे

प्रश्न (पालक, सातारा जिल्हा): आमच्या गावच्या शाळेची इमारत सुमारे 40 वर्षांची असून खिडक्यांच्या रंगाचे पोपडे मुलांच्या बाकांवर पडतात. दिवाळीच्या सुट्टीत रंगकाम होणार आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते, असे ऐकले. व्यवस्थापन समितीसमोर काय मांडावे?

उत्तर (रंगकाम ठेकेदार): आपली शंका रास्त आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) अधिक नसावे, हा नियम 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तेलरंगाबाबत सावधच राहावे. खरा धोका रंग उतरवताना निर्माण होतो. कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यास किंवा ज्योतीने जाळून रंग काढल्यास विषारी धूळ व धूर पसरतो, म्हणून पृष्ठभाग ओला करूनच खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला रंग पटांगणात टाकू नये. औद्योगिक रंगांना हा नियम लागू नाही, त्यामुळे घसरगुंडीसाठी रंग घेताना डबा अवश्य वाचावा.

उत्तर (शिक्षिका): मी केवळ एक भर घालते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही आणि लहान मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा अधिक शोषते. रंगकाम होईपर्यंत वर्ग झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावेत, बाक खिडकीपासून दूर हलवावेत आणि पोषण आहारापूर्वी प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत, हे आम्ही कटाक्षाने पाळतो.

पालक: मनापासून आभार. ओल्या खरवडणीची अट ठेकेदाराच्या करारातच लिहून घेण्याचा आग्रह धरीन.