ॲलन प्रेस्कॉटने मोडक्या हाताने खेळायला हवे होते का?

मूळ मत:
५ जुलै १९५८ रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या रग्बी लीगच्या (संघात तेरा खेळाडू असणाऱ्या रग्बीच्या) दुसऱ्या कसोटीत ग्रेट ब्रिटनचा कर्णधार ॲलन प्रेस्कॉट याचा उजवा हात पहिल्या काही मिनिटांतच मोडला आणि तरीही तो शेवटपर्यंत खेळला, ही घटना या खेळात शौर्याचा मानदंड मानली जाते. त्याच्या धैर्याविषयी मला शंका नाही. परंतु मध्यंतरानंतर त्याला पुन्हा मैदानात उतरू देणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही, हे मला खटकते. त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. त्या काळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. पहिली कसोटी ८-२५ अशी गमावलेली होती, आणि डेव्हिड बोल्टन गळपट्टीचे हाड मोडून बाहेर गेल्यामुळे तेरांपैकी बाराच उरले होते. त्यात कर्णधारही गेला असता, तर अकरा जणांना दौऱ्याची लाज राखावी लागली असती. सामना २५-१८ असा जिंकला गेला. तो निर्णय एका जाणत्या माणसाने स्वतः घेतला होता, आणि तो त्याच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मूळ लेखक:
बदली खेळाडू नसणे हा नियमाचा दोष होता, आणि त्याची किंमत खेळाडूच्या हाडांनी चुकवली. इंग्लंडमध्ये जखमींच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा १९६४ मध्ये मिळाली. शिवाय प्रेस्कॉटविना खेळलेली तिसरी कसोटी ब्रिटनने ४०-१७ अशी जिंकली, म्हणजे संघ एका माणसावर उभा नव्हता.

प्रतिसाद २:
तिसऱ्या कसोटीचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण त्याच्या जागी तेव्हा धडधाकट खेळाडू उतरला होता. ब्रिस्बेनला ती जागा रिकामीच राहिली असती. मात्र दोघेही त्या एका दुपारीच अडकला आहात. हॅलिफॅक्स या इंग्लिश क्लबकडून विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) म्हणून सुरुवात करणारा हा खेळाडू १९४९ मध्ये सेंट हेलेन्स क्लबमध्ये आला आणि तेथे स्क्रमच्या (चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना भिडून ढकलतात त्या रचनेच्या) पहिल्या फळीतला प्रॉप झाला, हे स्थित्यंतर दुर्मीळ आहे. १९५६ मध्ये वेम्बलीला झालेल्या चॅलेंज कप या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच हॅलिफॅक्सला १३-२ असे हरवताना त्याने कर्णधार म्हणून ट्राय केला (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले) आणि सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड करंडक मिळवला. पुढे १९६१ मध्ये प्रशिक्षक म्हणूनही त्याने सेंट हेलेन्सला तोच चषक जिंकून दिला. माझ्या मते त्याची थोरवी ठरवताना वेम्बलीचा तो सामना ब्रिस्बेनच्या आधी मोजला पाहिजे.