मदत हवी आहे: तुमच्या घरी मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो?

नमस्कार मंडळी,

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरात काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत बीपी आणि साखर दोन्ही असलेलेच जास्त. त्यांना इथल्या जेवणातून झेपेल असा आहार बसवण्यासाठी मी एक छोटा अभ्यास हाती घेतलाय आणि तो मिठापाशी येऊन अडलाय. तुमच्या स्वयंपाकघरातली माहिती मिळाली तर पुढे सरकेल.

आधी अडचण सांगते. बीपीचा आहार म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव निघतं ते ‘डॅश’चं. अमेरिकेत १९९७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४५९ माणसं, आठ आठवडे. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर. ज्यांना बीपी होतं त्यांचा वरचा आकडा, तिथलं नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी ११.४ ने जास्त उतरला, तोही मीठ कमी न करता. २००१ च्या पुढच्या अभ्यासात मीठही कमी केलं, तर तो आणखी खाली आला. मला या अभ्यासांबद्दल खूप आदर आहे. पण त्यात लोकांना जेवण तयार करून हातात दिलं जात होतं. माझ्या पेशंटच्या घरी सहा-सात माणसांचा एकच स्वयंपाक होतो, आणि बीपी असतं ते त्यातल्या एकाला. त्याच्यासाठी वेगळी आमटी कोण लावणार?

विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, “मीठ कमीच आहे हो मॅडम, वरून घेतच नाही.” मागच्या महिन्यात एका मावशींना म्हटलं, घरचं मीठ डबीत घालून आणा. त्यांनी आणलं. आमटीला जेवढं टाकता तेवढं माझ्या हातावर ठेवा, म्हटलं. त्यांनी सवयीने दोनदा मूठ अर्धी वळवून टाकलं. काट्यावर १६ ग्रॅम भरलं. घरात माणसं सहा, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत अडीच ग्रॅमच्या वर, ते एकट्या आमटीतून. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत. मावशी बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि भाजीचं? शेंगाचटणीचं?” त्या प्रश्नानंतर मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून तोंडी उत्तरांवर विसंबणं मी सोडलं. साधा हिशोब धरते: पुडा फोडला त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहायची, संपला की दिवस मोजायचे. पाच माणसांच्या घरात एक किलो २५ दिवस गेलं तर माणशी रोज आठ ग्रॅम. हा आकडा काटेकोर नाही. पाहुणे येतात, लोणच्याला एकदम पाव किलो जातं, भात-भाजी धुताना-टाकताना थोडं वाया जातं, बाहेरचा वडापाव आणि फरसाण यात धरलेलंच नाही. तरी घराघरांची तुलना करायला तो उपयोगी पडतो. तेव्हा कृपा करून कळवा: घरात जेवणारे किती, पुडा किती दिवस जातो, आणि लोणचं-पापड घरी करता की विकत आणता. पापडात मिठाशिवाय पापडखारातूनही सोडियम (मिठातला बीपी वाढवणारा घटक) जातं, म्हणून तेही विचारतेय.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेल्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. थंडीत ते जमतं. चाकवत, मेथी, हरभऱ्याची भाजी, ओली तूर, सगळं स्वस्त असतं. एप्रिल-मेमध्ये पाणी टँकरचं, कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नाही. तेव्हा कडक भाकरीसोबत ताटात येतं ते चटणी, ठेचा, सांडगे, लोणचं. ज्वारीच्या भाकरीच्या पिठात आपण मीठ घालत नाही हे फार मोठं भाग्य आहे, पण तिच्या जोडीला जे येतं ते सगळं खारट.

यावर उत्तर जुन्या घरांत असणार असं मला मनापासून वाटतं. माझी आजी हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवायची आणि डब्यात भरून ठेवायची. मिठाचा कण नाही. उन्हाळ्यात तो भिजवून, डाळीचं पीठ लावून भाजी करायची. त्या पाल्याला मुळातच आंब असते, त्यामुळे मीठ कमी पडलं तरी भाजी अळणी लागत नाही. अंबाडीचंही तसंच. तुमच्याकडे बिनमिठाचं असं आणखी काय वाळवतात? गवार, भेंडी, वांग्याच्या फोडी? कोणत्या महिन्यात, किती दिवस टिकतं, भिजवायचं की थेट फोडणीला? विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या मंडळींनी जरूर लिहा. कोकणात कोकम-आगळाने मीठ किती कमी करता येतं, तेही सांगा.

आता एक विनंती, आणि ती माझ्या चुकीतून आलेली आहे. “लो सोडियम मीठ वापरा” असा सल्ला प्रतिसादांत सरसकट देऊ नका. ते मीठ चांगलं आहे. चीनच्या खेड्यांतला त्याचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे २१ हजार माणसांचा, आणि त्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. पण त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं, आणि अशक्त किडनीला जादा पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही. मी एका महिला मेळाव्यात त्याचं कौतुक केलं आणि किडनीचं बोलायचं राहून गेलं. एका ताईंनी सगळ्या घराला तेच सुरू केलं. सासऱ्यांची किडनी अशक्त, वर बीपीची अशी गोळी चालू की जिच्याने पोटॅशियम आणखी वाढतं. रक्ताच्या तपासणीत ते वाढलेलं दिसलं आणि त्यांच्या डॉक्टरांनी वेळेत सावरलं. त्या ताई मला रागावल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. किडनीच्या पेशंटना वर लिहिलेला भाजी-फळांचा हिशोबही जशाचा तसा लागू नाही. त्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

ताजा कलम: दोघींनी विचारलंय की खडेमीठ आणि सैंधव वेगळं मोजायचं का. वजनावर मोजा, चमच्यावर नको. खड्याचा चमचा हलका भरतो, पण ग्रॅमला ग्रॅम सोडियम जवळपास तेवढंच. उपवासाला सैंधव वापरत असाल तर त्याचा पुडा वेगळा लिहा, म्हणजे बेरीज चुकणार नाही. माहिती इथेच लिहा, नाव-गाव नको; फक्त जिल्हा पुरे.