हाताशी लाखभर रुपये असताना स्वारीसाठी शिंगरू घ्यावे की तयार घोडी?

करवीरचा स्वार:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, लाखभर रुपयेच जवळ असतील तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जावे, दीड-दोन वर्षांचे मारवाडी शिंगरू आणून घरी वाढवावे, म्हणजे निम्म्या पैशांत उत्तम घोडा दाराशी उभा राहतो. हा सल्ला मला गप्प बसू देत नाही, कारण आठ वर्षांपूर्वी मी नेमका तोच ऐकला होता. शिंगरू पासष्ट हजारांना मिळाले. तापीकाठावरून कोल्हापूरपर्यंतच्या ट्रकप्रवासाने ते तापाने फणफणले, आणि अडीच वर्षांचे होताच ‘आता बसायला हरकत नाही’ असे एका जाणत्याने सांगितल्यावर मी खोगीर घातले. घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याची पाठ कायमची दुखावली आणि आज तो कोणालाही पाठीवर घेत नाही. दिवसाला आठ किलो सुका चारा धरला, तरी वर्षाला जवळजवळ तीन टन होतो. दाण्याची चंदी, नाल ठोकणारा नालबंद आणि घोड्याची निगा राखणारा मोतद्दार यांचा खर्च वेगळाच. म्हणून माझे मत असे की, दिसायला साधी, जातीचा आग्रह न धरता, दहा-बारा वर्षांची शिकलेली घोडी घ्यावी आणि निम्मे पैसे पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी राखून ठेवावेत.

यात्रेकरू:
तो सल्ला माझाच होता. आपल्या हातून चूक झाली ती घाईची. तिचा दोष शिंगराला आणि यात्रेला देणे अन्यायाचे आहे. दहा वर्षांची चांगली घोडी कोण विकतो, हे आधी सांगावे. आपल्या भागात विकायला येणारे बहुतेक घोडे वरातीत नाचवलेले असतात, काटेरी लगामाने त्यांचे तोंड इतके बधिर झालेले असते की ते हाताला प्रतिसादच देत नाहीत. पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, स्वस्तात मिळतो, पण तो नवख्याला झेपत नाही. पैसे कमी असतील तर आणखी एक वाट आहे. माझ्या घोडीच्या अंगावर लोक अशुभ मानतात तसा केसांचा भोवरा आहे, म्हणून ती मला निम्म्या किमतीत मिळाली आणि सहा वर्षांत तिने मला एकदाही पाडले नाही.

पागेच्या घरची:
भोवऱ्याकडे दुर्लक्ष करा, असे नवख्यांना सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. देवमण हा शुभ भोवरा कोठे असावा आणि गोम ही केसांची अशुभ ओळ कोठे नसावी, हे आमच्या घरात तीन पिढ्या पाहिले गेले आहे. माझ्या काकांनी एकदाच न पाहता घोडा घेतला आणि त्याच वर्षी पन्हाळ्याच्या उतारावर तो त्यांच्यासह कोसळला. काकांचा पाय आजही वाकत नाही. वडीलधाऱ्यांचा अनुभव असा झटकून टाकू नये.

करवीरचा स्वार:
ताई, आपल्या काकांच्या अपघाताचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु उतारावर घोडा कोसळतो तो खुरामुळे, झिजलेल्या नालेमुळे किंवा दमल्यामुळे. केसांच्या वळणामुळे नव्हे. आपण भोवरे मोजत बसतो आणि खूर उचलून पाहत नाही, याची चीड येते. माझ्या शिंगराला देवमण होता, त्यासाठी मी दहा हजार जास्त मोजले होते! तरीही यात्रेकरूंना एक गोष्ट सांगितली पाहिजे: भोवऱ्याची घोडी स्वस्तात मिळते, तशी ती स्वस्तातच विकावी लागते, कारण पुढचा गिऱ्हाईकही भोवरेच मोजणार.

पागेच्या घरची:
नाल झिजली होती, हे खरे आहे. पण म्हणून भोवऱ्याचे मत मी सोडणार नाही.

गुरांचा डॉक्टर:
भोवऱ्यावर एवढे लिहिले गेले, मात्र ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा उल्लेख कोणी केला नाही, याचे दुःख वाटते. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा वाचवता येत नाही, त्याला मारावेच लागते. म्हणून रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाचव्या वर्षी समोरचे सगळे दात कायमचे आलेले असतात, त्यानंतरचे वय केवळ झिजेवरून अंदाजाने सांगता येते. विक्रेत्याला न कळवता जावे, घोडी तबेल्यातून थंड अंगाने बाहेर काढायला लावावी आणि कठीण जमिनीवर दुडक्या चालीने हलके पळवावी. लंगडत असेल तर पुढचा दुखरा पाय टेकताना ती मान वर उचलते. वेदनाशामक देऊन लंगडणे लपवता येते, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा जावे. आपल्याकडे उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतात म्हणून ते आणि सोबत गव्हाचा कोंडा, एवढ्यावरच घोडा पोसू नये. वाड्यातले ऑक्झलेट आणि कोंड्यातले फॉस्फरस मिळून हाडांतला कॅल्शियम कमी करतात. शिवाय कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल्या तबेल्यात खुराचा तळवा सडतो, तेव्हा कोरडी जागा नसेल तर घोडा घेऊच नये.

यात्रेकरू:
पहिल्यांदाच घोडा घेणाऱ्याने शिंगरू घेऊ नये, एवढे मी मान्य करतो, त्यापलीकडे काही नाही. ज्याने आधी दोन घोडे सांभाळले आहेत त्याच्यासाठी माझा सल्ला तसाच राहील. कागलजवळ एक अकरा वर्षांची घोडी विकायची असल्याचे ऐकले आहे. डॉक्टरसाहेब, आपण रविवारी सोबत आलात तर मी तिचे खूर आणि दात दोन्ही पाहीन.